पासवर्ड न टाकताच सर्व्हरमध्ये प्रवेश: ‘ऑथेंटिकेशन बायपास’ म्हणजे काय?

जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून १४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम परस्पर ऑनलाइन वळवण्यात आली. हे खातं आयडीबीआय बँकेच्या नांदेडमधल्या शाखेत होतं. त्याआधी सुमारे अडीच वर्षं, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले होते.

सायबर फसवणूक म्हटलं की कुणीतरी ओटीपी सांगितला असेल, असंच आपल्याला वाटतं. या दोन्ही प्रकरणांत मात्र निशाण्यावर एखादा खातेदार नव्हता, थेट संस्थेचा पैसा होता. संस्थेच्या यंत्रणेत शिरण्याच्या मार्गांपैकी एक महत्त्वाचा मार्ग म्हणजे ‘ऑथेंटिकेशन बायपास’.

ऑथेंटिकेशन बायपास म्हणजे नेमकं काय?

‘तुम्ही कोण?’ हे तपासण्याच्या प्रक्रियेला ऑथेंटिकेशन म्हणतात. युजरनेम, पासवर्ड, ओटीपी, अंगठ्याचा ठसा ही त्याची साधनं. सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे ही तपासणीच टाळता येत असेल, तर त्याला ऑथेंटिकेशन बायपास म्हणतात.

समजा, एका कार्यालयाच्या मुख्य दारावर वॉचमन प्रत्येकाचं ओळखपत्र बघतो. पण बांधकामाच्या वेळी कामगारांसाठी ठेवलेलं मागचं दार तसंच उघडं राहिलं आहे. मग पुढचं कुलूप कितीही भक्कम असलं तरी उपयोग नाही. म्हणूनच अशा त्रुटीपुढे अवघड पासवर्डही कामाचा नसतो.

ओपनफायरमध्ये काय सापडलं?

ओपनफायर हा कंपन्या आणि संस्थांमध्ये अंतर्गत चॅटसाठी वापरला जाणारा सर्व्हर आहे. तो ओपन सोर्स आणि मोफत आहे. मे २०२३ मध्ये त्यातली सीव्हीई-२०२३-३२३१५ ही त्रुटी जाहीर झाली.

सर्व्हर पहिल्यांदा बसवताना लागणारी ‘सेटअप’ची पानं लॉगिनशिवाय उघडावी लागतात, कारण तेव्हा कोणाचंच खातं तयार नसतं. ही सवलत फक्त त्या पानांपुरती हवी होती. पण वेब पत्त्यात काही अक्षरं वेगळ्या सांकेतिक रूपात लिहिली, की सर्व्हर फसायचा. मागणी सेटअपच्या पानाची आहे असं समजून तो थेट ॲडमिनचं पान उघडून द्यायचा.

तिथून हल्लेखोर स्वतःचं नवं ॲडमिन खातं तयार करत आणि घातक प्लगइन चढवून सर्व्हरचा ताबा घेत. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या ३.१०.० आवृत्तीपासून ही त्रुटी होती, म्हणजे तब्बल आठ वर्षं. ४.६.८ आणि ४.७.५ या आवृत्त्यांमध्ये ती दुरुस्त झाली. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये इंटरनेटवर दिसणारे हजारो ओपनफायर सर्व्हर अपडेट न केलेलेच होते.

कॉसमॉस बँकेत काय झालं?

इथली पद्धत वेगळी होती, पण परिणाम तोच. एटीएममध्ये कार्ड घातलं की ‘पैसे द्यायचे का?’ अशी विचारणा स्विचमार्फत बँकेच्या यंत्रणेकडे जाते. हल्लेखोरांनी मालवेअरच्या मदतीने मध्येच एक बनावट स्विच उभा केला. विचारणा खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचतच नव्हती. बनावट स्विचच प्रत्येक व्यवहाराला होकार देत होता.

११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला ‘स्विफ्ट’ या बँकांमधल्या संदेशप्रणालीतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले गेले. स्विफ्टवर पैसा प्रत्यक्ष फिरत नाही, पैसे देण्याचा संदेश फिरतो. संदेश पाठवणाऱ्याची ओळख खरी मानली गेली, की पैसे सुटतात. या प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातल्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं.

नियम काय सांगतात?

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट आणली. ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांच्या डिजिटल सेवांनुसार चार स्तर ठरवून नियम अधिक कडक केले. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं बंधनकारक आहे. सर्व्हरच्या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस जपून ठेवावे लागतात.

लहान संस्थांनी काय करायचं?

नांदेड-लातूरमधली पतसंस्था असो, डाळ मिल असो की कोचिंग क्लास, सर्व्हर बसवून देणारा माणूस बहुधा बाहेरचा असतो. त्याचं काम संपलं की अपडेट कोण करणार, हे ठरलेलं नसतं. त्यामुळे या गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात:

• कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, अपडेटची जबाबदारी कोणाची, याची यादी ठेवावी.
• ॲडमिनचं पान इंटरनेटवर उघडं ठेवू नये. ते फक्त कार्यालयाच्या नेटवर्कमधून किंवा व्हीपीएनवरूनच उघडावं.
• अपडेट केल्यावर ॲडमिन खाती आणि प्लगइनची यादी तपासावी. अपडेटमुळे मागचं दार बंद होतं, पण आधीच आत शिरलेला माणूस बाहेर जात नाही.
• मोठ्या रकमेच्या व्यवहाराला दोन अधिकाऱ्यांची स्वतंत्र मंजुरी असावी आणि खात्याचा ताळमेळ रोज, सुट्टीच्या दिवशीही, बघितला जावा. कॉसमॉसवरचा पहिला हल्ला शनिवारी झाला होता.

पैसे गेल्याचं लक्षात आलं तर लगेच बँकेला कळवावं आणि १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यांत वळण्याआधी ती गोठवता आली, तरच परत मिळण्याची शक्यता जास्त असते.