पश्चिमेकडे पाठ फिरवणारी पूर्णा

केदारखेड्याला पूर्णेचे पात्र पाहणाऱ्यास एक प्रश्न सहसा पडत नाही: ही नदी पूर्वेकडे का जाते? सरळ रेषेत अरबी समुद्र येथून सुमारे 300 किलोमीटरवर आहे. तरीही अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावलेली पूर्णा गोदावरीस मिळते आणि तिचे पाणी राजमहेंद्रीपलीकडे बंगालच्या उपसागरात पडते. गोदावरीचे तर याहून नवल! त्र्यंबकेश्वराहून पश्चिम समुद्र अवघा 80 किलोमीटर. पण ती 1465 किलोमीटरची वाट चालते. या उलट्या वाटेचा इतिहास कोणत्याही राजवंशाहून जुना आहे, आणि आमच्या मते येथील शेतकऱ्याच्या विहिरीशी त्याचा निकटचा संबंध आहे.

परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकण मिळविले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. भूशास्त्राची कथा नेमकी उलट आहे. तेथे जमीनच तुटून दूर गेली आणि मधल्या फटीत समुद्र शिरला. खंडे सरकतात, हा सिद्धांत आल्फ्रेड वेगेनर यांनी 1912 साली मांडला, तेव्हा बहुतेक विद्वानांनी तो नाकारला. पुढे 1960 नंतरच्या दशकात सागरतळाच्या अभ्यासातून भूपट्टांची कल्पना सिद्ध झाली. सुमारे 8 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून सुटले. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले. अजिंठ्याची लेणी ज्यात कोरली, तो हाच काळा पाषाण. त्यानंतर थोड्याच काळात, अर्थात भूशास्त्राच्या हिशेबाने, सेशेल्सचा तुकडाही निघून गेला.

खंड तुटते तेव्हा त्याची कड ताणली जाते, पातळ होते आणि समुद्राकडे खचते. कडेमागची भूमी मात्र उंच राहते. याचा पुरावा पनवेलजवळ उघडा आहे. देशावर जे थर जवळजवळ आडवे दिसतात, तेच तेथे समुद्राकडे कललेले आहेत. भूवैज्ञानिक जे. बी. ऑडेन यांनी 1949 साली या बाकाची चर्चा केली. वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंतचे उन्हाळेही खोल भेगांतूनच वर येतात. त्या उंच कडेला पावसाने कोटी कोटी वर्षे कोरले, कडा हळूहळू पूर्वेकडे सरकला, आणि उरला तो आपला सह्याद्री. पठाराचा उतार पूर्वेकडे राहिला. नद्यांनी तोच धरला.

आता विहिरीकडे वळू. नैर्ऋत्येचे ढग सह्याद्रीवर रिते होतात. कोकणात वर्षाला 2500 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर जालना जिल्ह्यात 700च्या आसपास. त्यातही हा पाषाण कठीण. पाणी साठते ते भेगांत आणि वरच्या मुरमात. 1972च्या दुष्काळाच्या मुळाशी पावसाने दिलेली हूल होती खरी, परंतु मुळात पाऊस बेताचा का, याचे उत्तर त्या तुटलेल्या कडेत आहे.

ही भूमी आजही स्थिर नाही. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर उत्तरेकडे सरकून हिमालयास रेटतो आहे. त्या रेट्याचा ताण पठाराच्या पोटातही साचतो, हे 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीने हजारो प्राण घेऊन शिकविले. कड कोठे तुटावी, हे आपल्या हाती नव्हते. घर कसे बांधावे आणि उतारावरून धावणारे पाणी शिवारात कसे अडवावे, हे मात्र आपल्याच हाती आहे.