अबू हुरैरांची मांजर आणि मोहल्ल्यातलं कुत्रं

मुसलमानांच्या घरात मांजर चालते, कुत्रं चालत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मांजर पलंगावर झोपते, दस्तरख्वानाजवळ बसून बोटी मागते. कुत्र्याला दाराबाहेर शिळी रोटी मिळते आणि बकरी ईदला हाडं. दोघांच्या नशिबात इतका फरक असला तरी एका बाबतीत दोघं सारखेच आहेत. दोघांनाही लस टोचलेली नसते. खायला घालणं हे आपण सवाबाचं काम मानतो, सुई टोचून आणणं मात्र श्रीमंतांचे चोचले समजतो. असं का झालं, हे बघायला इतिहासात थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात मदिनेपासून करू. सर्वांत जास्त हदीस ज्यांच्याकडून आपल्यापर्यंत आल्या त्या हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचं हे नाव म्हणजे टोपणनाव आहे. हुरैरा म्हणजे मांजरीचं पिल्लू. अबू हुरैरा म्हणजे पिल्लूवाला. हजरत अबू कतादा (रजि.) वुजू करत असताना मांजर आली, तेव्हा त्यांनी तिला पिता यावं म्हणून भांडं तिरकं धरलं, आणि बघणाऱ्या सुनेला सांगितलं की प्रेषितांनी (स.) मांजरीला नापाक म्हटलेलं नाही, ती तर तुमच्या घरात सतत ये-जा करणारी आहे. मांजर कोंडून तिला उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो.

कुत्र्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मदिनेत एकदा कुत्री मारण्याचा हुकूम झाला होता, हे सहीह मुस्लिममध्ये आहे. तो हुकूम पुढे मागे घेतला गेला, हेही तिथेच आहे. शिकारी, कळपाचा आणि शेताचा राखणदार कुत्रा पाळायला सवलत मिळाली. एका हदीसमध्ये कुत्र्यांना इतर उम्मतींसारखीच एक उम्मत म्हटलं आहे. एहरामच्या अवस्थेतही ज्या प्राण्यांना मारायची परवानगी आहे त्या यादीत कुत्र्याचा उल्लेख येतो, पण सरसकट नाही. चावरा, हल्ला करणारा कुत्रा, एवढाच. कुरआनात गुहेतल्या तरुणांबरोबर त्यांचा कुत्रा उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला आहे. आणि तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, मोज्यात भरून पाणी पाजणाऱ्या माणसाला माफी मिळाल्याची हदीस तर बुखारीत आहे.

म्हणजे दयेचा पाया पक्का होता. उपचाराचं काय? अरबीत जनावरांच्या डॉक्टरला बैतार म्हणतात. बैतारांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले, पण ते मुख्यतः घोड्यांवर, कारण फौज घोड्यांवर चालायची. बाज आणि शिकारी कुत्र्यांच्या दुखण्यांवरही लिहिलं गेलं, तेही शिकारीच्या निमित्ताने. उर्दूत घोड्याच्या वैद्याला सलोतरी म्हणतात. हा शब्द संस्कृत शालिहोत्रावरून आला; दोन परंपरा एका तबेल्यात कशा भेटल्या, हे त्या एका शब्दात दिसतं. गल्लीतल्या कुत्र्याकडे आणि चुलीजवळच्या मांजरीकडे मात्र बैतार वळला नाही आणि सलोतरीही नाही. युरोपातही वेगळं नव्हतं. फ्रान्समध्ये लियों इथे 1760च्या दशकात पहिली पशुवैद्यकीय शाळा निघाली ती घोडे आणि गुराढोरांसाठी.

पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग मात्र सगळ्यांना माहीत होता. इब्न सीनांच्या 'अल-कानून'मध्ये अशा कुत्र्याच्या चाव्यावर स्वतंत्र मजकूर आहे. कुत्रं चावलेला माणूस पाण्याला भितो, हा दाखला गालिबने आपल्या एका शेरात वापरला. दिल्लीच्या मुशायऱ्यातल्या श्रोत्यांना तो समजावून सांगावा लागत नसणार, इतका तो रोग ओळखीचा होता. इलाज कुणाकडेच नव्हता. लक्षणं दिसली की मरण ठरलेलं.

इलाज नसला की सरकारला एकच उपाय सुचतो: मारा. मुंबईत कंपनी सरकारने ठराविक महिन्यांत भटकी कुत्री मारायची परवानगी दिली होती आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. 1832 साली ही मुदत वाढवली गेली. बक्षिसाच्या लोभाने लोकांच्या दारातली, अंगणातली कुत्रीही मारली जाऊ लागली. पारशी समाजात कुत्रा पवित्र. जून 1832मध्ये पारशांनी शिपायांना झोडपलं, दुसऱ्या दिवशी बाजार बंद पाडले, लष्कराची रसद अडवली. त्या बंदात हिंदू होते, जैन होते, इस्माइली मुसलमानही होते. कुत्र्यासाठी झालेला हा मुंबईचा दंगा बहुधा या शहरातला सर्वांत विस्मरणात गेलेला दंगा असेल.

याच मुंबईत 1880च्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं आणि 1886 साली तिथेच मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

तिकडे पॅरिसमध्ये 6 जुलै 1885 रोजी लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला रेबीजची लस दिली आणि तो वाचला. त्याआधी ही लस कुत्र्यांवरच तपासली गेली होती. बातमी इस्तंबूलला पोचली. सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांनी 1886 साली झोएरोस पाशांच्या नेतृत्वाखाली तिघांचं पथक पॅरिसला पाठवलं. त्यात एक पशुवैद्य होता. सोबत पाश्चरसाठी मजीदी पदक आणि संस्थेसाठी दहा हजार फ्रँक पाठवले. पथक शिकून परतलं आणि 1887 साली इस्तंबूलच्या शाही वैद्यकीय शाळेत रेबीजचं केंद्र सुरू झालं. जगातल्या अगदी सुरुवातीच्या केंद्रांपैकी ते एक. मुसलमानांनी आधुनिक लस उशिरा स्वीकारली असं बोलणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

पण त्याच शहराचा पुढचा अध्याय वाईट आहे. इस्तंबूलच्या गल्ल्यांत कुत्री शतकानुशतकं राहत होती, मोहल्ले त्यांना पोसत होते. 1908च्या क्रांतीनंतर आलेल्या नव्या राज्यकर्त्यांना शहर पॅरिससारखं हवं होतं. 1910 साली हजारो कुत्री पकडून मार्मारा समुद्रातल्या एका ओसाड बेटावर सोडून दिली. तिथे अन्न नव्हतं, पाणी नव्हतं. कुत्र्यांनी एकमेकांना खाल्लं. त्यांचं रडणं वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर ऐकू यायचं, असं त्या काळच्या आठवणींत येतं. पुढे साम्राज्यावर युद्धं कोसळली तेव्हा लोक म्हणाले, हा त्या मुक्या जनावरांचा तळतळाट. आणि एवढं करूनही इस्तंबूलमध्ये आज कुत्री आहेतच.

मारणं आणि हाकलणं, दोन्ही करून झालं होतं. तिसरा रस्ता होता चावलेल्या माणसाऐवजी आधी कुत्र्यालाच लस द्यायचा. 1921 साली जपानमध्ये उमेनो आणि दोई यांनी कुत्र्यांसाठीच्या लसीचं काम प्रसिद्ध केलं. 1950 साली तिथे कायदा झाला: प्रत्येक पाळीव कुत्र्याची नोंद आणि लस. सोबत भटकी कुत्री पकडणंही होतं. 1957नंतर जपानच्या कुत्र्यांमध्ये रेबीज राहिला नाही. एका भागातल्या 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असं आज जागतिक आरोग्य संघटना सांगते. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी 99 टक्के कुत्र्यांकडूनच येतो, म्हणून कुत्र्याला दिलेली सुई ही मुलाला दिलेलीच सुई आहे.

जपान लांब वाटत असेल तर गोवा बघा. तिथे 2013-14पासून सरकार, मिशन रेबीज ही संस्था आणि स्थानिक प्राणीमित्र यांनी गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस दिली, शाळांत मुलांना शिकवलं. पाच लाखांहून अधिक वेळा कुत्र्यांना सुया टोचल्या गेल्या. तीन वर्षं माणसाचा एकही मृत्यू नाही, असं 2021मध्ये राज्य सरकारने जाहीर केलं. सिंधुदुर्गातून एसटीने जाता येईल इतक्या अंतरावर हे घडलं.

मग आपल्याकडे काय अडतं? एक अडचण जुन्या भीतीची. 1911 साली कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली. तीच देशात नव्वदेक वर्षं चालली. पोटात चौदा इंजेक्शनं! ती लस 2005च्या सुमारास बंद झाली. आता दंडात चार-पाच सुया, त्याही बारीक. पण भीती घराघरात वारशाने चालत आलेली आहे. मी शाळेत शिकवतो. कुत्रं चावलेली मुलं घरी सांगत नाहीत, कारण आजीने चौदा इंजेक्शनांची गोष्ट सांगितलेली असते. मग जखमेवर मिरची, चुना, तंबाखू लावला जातो, कुणी दम केलेलं पाणी आणतं. दुआ जरूर करावी. पण आधी जखम वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावं. मांजर चावली, ओरखडली तरी हेच. आपल्यात मांजर पाक म्हणून तिच्या चाव्याकडे कुणी बघत नाही. रेबीजच्या विषाणूला पाक-नापाक कळत नाही.

दुसरी अडचण मसल्याची. आपल्या महाराष्ट्रातले बहुतेक मुसलमान हनफी, कोकणातले शाफई. शाफई फिकहमध्ये कुत्रा पूर्ण नापाक, हनफींच्या प्रचलित मतात त्याची लाळ नापाक, आणि मालिकी तर जिवंत कुत्र्याला पाकच मानतात. मतभेद आहेत आणि राहतील. पण कुणाचंही मत घेतलं तरी कोरडा हात कोरड्या केसांना लागल्याने हात नापाक होत नाही, आणि ओला झाला तर धुण्याची रीत ठरलेली आहे. धुता येणारी गोष्ट ही जबाबदारी टाळण्याचं कारण होऊ शकत नाही. विहिरीत उतरलेल्या त्या माणसाने आपल्या मोज्याची फिकीर केली नव्हती.

सात वेळा भांडं धुण्याच्या हदीसमध्ये रेबीजचं विज्ञान शोधणारे संदेश मोबाइलवर फिरतात. मला ते पटत नाहीत. तो इबादतीतल्या स्वच्छतेचा हुकूम आहे, त्याला प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही. हदीसमधून घ्यायची ती दया घ्यावी, आणि विज्ञानातून ती दया पोचवायचं साधन.

2001च्या केंद्राच्या नियमांपासून आपल्या देशात भटक्या कुत्र्यांसाठी रस्ता ठरला आहे: नसबंदी, लस आणि पुन्हा त्याच जागी सोडणं. ऑगस्ट 2025मध्ये दिल्लीतली सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि अकरा दिवसांनी तो बदलून मोठ्या प्रमाणात याच रस्त्यावर आणला. त्या अकरा दिवसांत टीव्हीवरची चर्चा ऐकताना मला 1832 आणि 1910 आठवत होतं. मुलांना कुत्री चावतात, मुलं मरतात, हा राग खरा आहे. त्या रागाला उत्तर म्हणून दरवर्षी लसच द्यावी लागते, हेही तेवढंच खरं.

मोहल्ल्यातल्या जमातीला हे जमण्यासारखं आहे. घरची मांजर तीन महिन्यांची झाली की तिला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावं, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी सुई द्यावी, नसबंदी करून घ्यावी. गल्लीतल्या कुत्र्यांची मोजदाद तर शाळेतली मुलंही करतील. पाश्चर यांचा स्मृतिदिन, 28 सप्टेंबर, हा जागतिक रेबीज दिन; त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी मोफत शिबिरं असतात. त्याआधीच्या जुम्याला खुतब्यानंतर दोन मिनिटांत तारीख आणि जागा सांगता येते. रोटी घालणारे हात मोहल्ल्यात आहेतच, कुत्र्यांना त्यांची ओळख आहे. लस टोचायला आलेल्या डॉक्टरला नेमके हेच हात लागतात.