गोदीतील टनापासून कंटेनरच्या तासापर्यंत

बंदर कार्यक्षम आहे की नाही हा प्रश्न जुनाच आहे. परंतु त्याचे उत्तर कोणत्या मापाने द्यायचे, हे त्या त्या काळी कोणाचा खोळंबा महाग पडत होता यावरून ठरत आले आहे. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या गोद्यांत कापसाच्या गाठी आणि धान्याची पोती टोळ्यांच्या अंगमेहनतीने चढत-उतरत असत, त्यामुळे एका टोळीने एका पाळीत किती टन माल हाताळला, हेच तेथील कामाचे माप होते. गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा १९४८ मध्ये झाला आणि पुढे ठरावीक टनांच्या वर काम केल्यास जादा मोबदला देण्याची पद्धत रुळली, तेव्हा हे माप थेट कामगाराच्या मिळकतीशी जोडले गेले.

२६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतील नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले आणि वजनाच्या मापाचे महत्त्व ओसरू लागले, कारण पेटी हलकी असो वा जड, ती उचलायला क्रेनला जवळपास सारखाच वेळ लागतो. वीस फुटी पेटी हे एकक धरून ‘टीईयू’ची मोजणी सुरू झाली. चाळीस फुटी पेटी दोन टीईयू भरते, परंतु क्रेनच्या हिशेबात तिची उचल एकच असते. म्हणून क्रेनने तासाला किती पेट्या उचलल्या, याची नोंद वेगळी ठेवावी लागते. जहाजाच्या तळघराची झाकणे काढण्यात, पाळी बदलण्यात आणि बिघाड दुरुस्त करण्यात गेलेला वेळ वगळला की त्याच क्रेनचा त्याच दिवसाचा आकडा वाढलेला दिसतो. त्यामुळे कोणता वेळ धरला आहे हे कळल्याखेरीज दोन बंदरांची तुलना करण्यात अर्थ नसतो.

संयुक्त राष्ट्रांच्या ‘अंक्टाड’ या संस्थेने १९७६ मध्ये बंदरांच्या कामगिरीचे निर्देशक मांडले, आणि जहाजाच्या प्रतीक्षेला व धक्क्यावरील मुक्कामाला पद्धतशीर स्थान मिळाले. धक्का सतत भरलेला असणे बंदराच्या उत्पन्नाच्या दृष्टीने चांगले दिसते, पण तो जितका भरलेला, तितकी बाहेर नांगर टाकून थांबलेल्या जहाजांची रांग वाढते, हा विरोध त्यामुळे स्पष्ट झाला.

मुंबईच्या गोद्यांवरील ताण हलका करण्यासाठी उभारलेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. देशातील पहिले खासगी कंटेनर टर्मिनल १९९९ च्या सुमारास तेथेच कार्यान्वित झाल्यावर सरकारी आणि खासगी व्यवस्थापनाची तुलना एकाच खाडीत करता येऊ लागली. लहान-मोठ्या टर्मिनलांची तुलना न्याय्य कशी करायची, या प्रश्नावर अभ्यासकांनी १९७८ मध्ये मांडल्या गेलेल्या एका गणिती पद्धतीचा आधार घेतला. धक्क्याची लांबी, क्रेनची संख्या आणि यार्डाचे क्षेत्रफळ ही साधने, तर हाताळलेले कंटेनर हे फलित मानून, उपलब्ध साधनांत सर्वाधिक फलित देणाऱ्या टर्मिनलांच्या तुलनेत इतर किती मागे आहेत, हे ती सांगते. बंदरांसाठी तिचा वापर रॉल आणि हायुथ यांनी १९९३ मध्ये सुचवला. २०१६ पासून न्हावा-शेवा येथे कंटेनरवर रेडिओ लहरींनी ओळख पटवणारे टॅग लागले आणि पेटी बंदरात किती तास पडून राहते, हेही नोंदले जाऊ लागले. अशा रीतीने जहाजमालकाच्या वेळेबरोबर आयातदार आणि निर्यातदार यांचा वेळही मोजणीत आला. जागतिक बँकेने २०२१ पासून प्रसिद्ध केलेला कंटेनर बंदरांचा निर्देशांक मात्र जहाज बंदरात किती काळ अडकले, यावरच उभा आहे.

या सर्व मापांत यार्डाची जमीन केवळ क्षेत्रफळ म्हणून येते. न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांना आपले गाव सोडावे लागले, आणि त्यांच्या हातून गेलेल्या मासेमारीला कोणत्याही तक्त्यात रकाना नाही. तो असलाच पाहिजे. कारण ज्याचा खोळंबा मोजला जातो त्याचीच सोय बंदर पाहते, हे टनापासून तासापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर दिसून आले आहे.