सुरतेचे पानक

सुरत म्हटले की मराठी माणसास आधी लूट आठवते. १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात शिवछत्रपतींनी या बंदरावर घातलेले छापे आपल्या बखरींनी व शालेय पुस्तकांनी इतके मनावर बिंबविले आहेत की, त्या नगरीचे दुसरे काही असू शकते हे ध्यानातच येत नाही. गुजराती माणसास मात्र ‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण प्रथम सुचते. प्रस्तुत लेखाचा विषय या दुसऱ्या सुरतेचा आहे. आणि त्यातही जेवणाचा नव्हे, पेयाचा.

अलीकडे घरोघरी पुदिन्याचे हिरवे पेय होऊ लागले आहे. तरुण मंडळी त्यास ‘स्मूदी’ म्हणतात आणि हा पाश्चात्यांकडून आलेला आरोग्याचा नवा मंत्र आहे अशी त्यांची समजूत असते. घरातील वडीलधारी माणसे तेवढ्याच कारणासाठी त्याकडे संशयाने पाहतात. मला वाटते, दोन्ही पक्षांनी दस्तऐवज पाहिलेले नाहीत.

पहिला साक्षीदार जर्मन आहे. योहान आल्ब्रेख्त फॉन मांडेल्सलो हा तरुण प्रवासी १६३८ साली सुरतेस आला आणि इंग्रजांच्या वखारीचा पाहुणा झाला. तेथील इंग्रज ‘पालेपुंट्झ’ नावाचे एक पेय घेत, असे तो नमूद करतो. घटक त्याने चार दिले आहेत : मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. दुसरा साक्षीदार इंग्रज वैद्य जॉन फ्रायर. १६७२ ते १६८१ या काळात तो हिंदुस्थान आणि इराण येथे हिंडला. आपला जुन्नरही त्याने पाहिला. गोव्याकडील नेरूळची अरक सर्वांत उत्तम असते आणि या किनाऱ्यावरील इंग्रज तिच्यापासून ‘पंच’ नावाचे अंगातली शक्ती हिरावून घेणारे पेय करतात, असे तो लिहितो. हे नाव हिंदुस्थानी ‘पाच’ या संख्येवरून पडले, कारण घटक पाच, असा खुलासाही तो करतो. कोकणी वाचकांस नेरूळचे नाव येथे पाहून मौज वाटेल.

आता वकिलाच्या सवयीने या साक्षी तपासू. एक साक्षीदार चार म्हणतो, दुसरा पाच. शिवाय ‘पंच’ हा शब्द इंग्रजांच्या पत्रव्यवहारात १६३२ सालीच आढळतो, म्हणजे फ्रायरच्या खुलाशाच्या कितीतरी आधी. त्यामुळे व्युत्पत्तीविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि त्यात मी पडत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो निराळाच प्रश्न. मद्य वजा केले तर मागे काय उरते?

उत्तर आपल्याच ग्रंथांत आहे. भावमिश्राचा ‘भावप्रकाश’ हा वैद्यकग्रंथ सोळाव्या शतकातला, म्हणजे इंग्रजांची वखार सुरतेस येण्यापूर्वीचा. त्यात लिंबाच्या पानकाची कृती दिली आहे. लिंबाचा रस एक भाग, साखरेचे पाणी सहा भाग, वर लवंग आणि मिरी. आंबट, गोड, पाणी आणि मसाला अशी ही चौकडी झाली. तिच्यात अरक ओतली की फ्रायरचे पाच घटक पुरे होतात! हा निर्णायक पुरावा नव्हे, परिस्थितिजन्य पुरावा आहे हे मी जाणतो. पण न्यायालयात यापेक्षा दुबळ्या पुराव्यावर निकाल झालेले मी पाहिले आहेत. परकीय व्यापाऱ्याने आपल्या पानकात पाचवा घटक घातला आणि तो जगभर नेला, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

भावमिश्राने धन्याचेही पानक सांगितले आहे. धने पाट्यावर बारीक वाटावेत, वस्त्रातून गाळावेत, साखरेच्या पाण्यात मिसळून कापराने सुवासिक करावेत आणि नव्या मातीच्या भांड्यात ठेवावेत. ते पित्तहर आहे. वनस्पती वाटून थंड पाण्यात मिसळायची आणि प्यायची, याहून स्मूदी ती निराळी काय? पाट्याची जागा विजेच्या यंत्राने घेतली, इतकेच.

आपल्या देवस्थानांतून हीच परंपरा चालत आली. रामनवमीस गूळ, आले, मिरी, वेलची घातलेले पानक आपण ओंजळीत घेतो. साहित्यशास्त्रानेही त्याचा मान राखला आहे. निरनिराळ्या पदार्थांच्या मिश्रणातून एकच अपूर्व स्वाद निर्माण व्हावा तसा रस निष्पन्न होतो, हे समजावण्यास आलंकारिकांनी पानकाचाच दृष्टान्त घेतला. इतका जुना आणि इतका प्रतिष्ठित पदार्थ ! तरीही इतिहासाच्या पुस्तकात जागा मिळाली ती पंचाला. कारण उघड आहे. वखारीतील साहेब लिहीत होते. माजघरातील बायका वाटत होत्या.

माजघराची किंचित चाहूल देणारा एकच साक्षीदार मला माहीत आहे. जॉन ओव्हिंग्टन हा पाद्री १६८९ साली सुरतेच्या प्रवासास निघाला आणि १६९६ मध्ये त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. सुरतेचे वाणी चहा मुक्तपणे घेत, तो तिखट मसाले घालून उकळला तर डोकेदुखी व पोटातील मुरडा यांवर गुणकारी मानला जाई, आणि खडीसाखर किंवा मुरवलेल्या लहान लिंबांसह तो पीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. मद्य वर्ज्य असलेल्या समाजाने परक्या चिनी पाल्यालाही पानकाच्याच रीतीने आपलेसे केले, हे यात स्वच्छ दिसते. आजही सुरतेच्या भाजीबाजारात फुदिना आणि ‘लीली चा’, म्हणजे आपला गवती चहा, शेजारी शेजारी असतात आणि दोन्ही चहाच्या आधणात पडतात. पुदिना हा शब्द फारशी आहे. पण गुजराती घरातील ताकात आणि चटणीत तो असा रुळला आहे की त्यास परका कोण म्हणेल? आणि ज्या शहरात पंचाचे पेले भरले गेले, तेथे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा चालू आहे. पाचवा घटक आता कायद्यानेच बाद. त्याच्या जागी पुदिना बसविण्यास कोणाचा आक्षेप नसावा.

कृती अशी. दोन पेल्यांस पुदिन्याची मूठभर कोवळी पाने घ्यावीत. जाड देठ कडवटपणा आणतात, ते काढावेत. अर्धी काकडी, आल्याचा लहान तुकडा, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट, सैंधव आणि थंड पाणी घालून सर्व बारीक वाटावे. लिंबू शेवटी, पेला हाती देताना पिळावे. आम्लाने पाल्यातील हरितद्रव्याचा मॅग्नेशियम निघून जातो आणि रंग मळकट होतो. आधी लिंबू पिळून मग रंगाबद्दल हळहळणारे पुष्कळ पाहिले आहेत. दाटपणा हवा असेल तर लिंबाऐवजी गोड दही घालावे. गाळू नये, चोथ्यातच पचनाला हितकर असा भाग असतो. भावमिश्राने धन्याचे पानक वस्त्रगाळ केले हे खरे, आणि साखरेचे सहा भागही त्याचेच. पण उन्हातान्हात पायी चालणाऱ्यांच्या काळातील ते माप आपल्या बैठ्या जन्मास सोसणारे नाही. चमचाभर गूळ पुरे, मधुमेह असणाऱ्याने तोही सोडावा. हे पेय औषध आहे असा दावा मी करीत नाही. पोटास हलके आणि उन्हाळ्यात सुखद आहे, इतके पुरेसे आहे.

मात्र उकळलेल्या चहाला जे भय नसते ते या कच्च्या पाल्याला असते. पाने दोनतीन पाण्यांनी धुवावीत आणि पाणी शुद्ध असावे. सुरतकरांस हे सांगावे लागत नाही. १९९४ च्या सप्टेंबरात तेथे प्लेगची साथ पसरली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. त्यात सुरतेच्या मागांवर राबणारी आपली खानदेशी मंडळीही होती. प्लेग काही पाण्यातून येत नाही. पण त्या तडाख्याने साचलेला कचरा आणि तुंबलेली गटारे साऱ्या देशासमोर आली. पुढच्याच वर्षी महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी रस्ते, गटारे आणि उपाहारगृहे यांस एकाच कडक शिस्तीत आणले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरसह देशात पहिली आली. लिंबायत-उधन्याकडील मराठी घरांतून आज उन्हाळ्यात पुदिना निर्धास्तपणे कच्चा वाटला जातो, त्यामागे नळाच्या त्या पाण्याचाही वाटा आहे.