मोजणाराची विद्या

मानसशास्त्र म्हटले की आम्हां युनियनवाल्यांच्या कपाळाला आठी पडते. त्याला कारण इतिहासात आहे. १८७९ साली वुंटने लाइपझिगला प्रयोगशाळा थाटली, ती मन जाणण्यासाठी. त्याचा शिष्य म्युन्स्टरबर्ग अमेरिकेत गेला आणि ट्राम हाकणाऱ्यांचे अवधान मोजू लागला. १९१३ साली इंग्रजीत आलेल्या त्याच्या ग्रंथातला प्रश्न धन्याचा आहे: कामाला माणूस कोणता निवडावा, आणि त्याच्याकडून अधिक काम कसे घ्यावे? याच म्युन्स्टरबर्गपाशी शिकलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्तांकडे १९१६ साली कलकत्ता विद्यापीठातला मानसशास्त्र विभाग आला. म्हणजे हे शास्त्र आपल्याकडे आले ते विद्यापीठाच्या माडीवर.

पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध सुचवला. महाराष्ट्रात १९७७ साली त्यातल्या बारावीची पहिली परीक्षा झाली. आज अकरावी-बारावीत मानसशास्त्र ऐच्छिक विषय आहे. कोणी म्हणेल, ऐच्छिक विषयाचे एवढे काय?

आम्हांला त्याचे मोल वाटते ते असे. कामगारांची पुष्कळ मुले बारावीपुढे जात नाहीत. नोकरीच्या दारात मात्र अनेकांची बुद्धीची चाचणी होते. ती चाचणी काय मोजते आणि काय मोजत नाही, एवढे ज्याला सतराव्या वर्षी कळले, तो तीत मागे पडला तरी स्वतःला मूर्ख समजणार नाही. मोजणाराची विद्या मोजल्या जाणाऱ्यालाही यावी. ही मागणी आम्ही पगारवाढीइतकीच निकडीची मानतो.