जागतिक युवा दिन

जागतिक युवा दिन : कॅथलिक चर्चने तरुणांसाठी सुरू केलेला वार्षिक उत्सव, आणि त्याच नावाने दर काही वर्षांनी एखाद्या शहरात भरणारा आंतरराष्ट्रीय मेळावा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २० डिसेंबर १९८५ रोजी त्याची घोषणा केली.

त्याचे मूळ पोलंडमध्ये आहे. कम्युनिस्ट राजवटीत चर्चच्या युवक संघटनांना बंदी होती, तेव्हा क्रॅकोवमधले तरुण धर्मगुरू कारोल वॉयतीवा साध्या कपड्यांत विद्यार्थ्यांबरोबर डोंगरात भटकायला, नदीत वल्हवायला जात. उलटी ठेवलेली होडी हीच वेदी. तिच्यावर मिस्सा होई. पुढे पोप जॉन पॉल दुसरे झाल्यावर याच माणसाने २२ एप्रिल १९८४ रोजी, पवित्र वर्षाच्या समाप्तीला, ३.८ मीटर उंचीचा लाकडी क्रूस तरुणांच्या हाती दिला. तो खांद्यावर घेऊन तरुणांनी देशोदेशी प्रवास केला आहे.

पहिला युवा दिन २३ मार्च १९८६ रोजी, झावळ्यांच्या रविवारी, धर्मप्रांतांच्या पातळीवर साजरा झाला. २०२१ पासून तो ख्रिस्त राजाच्या सणाला होतो. मुंबई, वसई, पुणे अशा धर्मप्रांतांसाठीही दिवस तोच.

रोमबाहेरचा पहिला मोठा मेळावा १९८७ मध्ये ब्वेनोस आयरेसला भरला. ऑगस्ट १९९१ मध्ये पोलंडच्या चेंस्टोहोवा येथे सोव्हिएत संघातून आलेले तरुणही होते. मेळावा संपल्यावर चारच दिवसांत मॉस्कोत उठावाचा प्रयत्न झाला. मनिलात १९९५ मध्ये समारोपाच्या मिस्साला चाळीस लाखांहून अधिक लोक आल्याचा अंदाज आहे. लिस्बनला २०२३ मध्ये सुमारे पंधरा लाख होते.

आकडे भव्य आहेत. पण घरी परतलेल्या तरुणाला आपल्या धर्मग्रामात गायनवृंद आणि सणाची सजावट यांपलीकडे काय काम मिळते, यावर या उपक्रमाचे मोल ठरते, आणि इथे चर्च संथ चालले. ऑक्टोबर २०१८ मध्ये रोमला खास तरुणांविषयी सिनोड (धर्माध्यक्षांची सभा) झाला. त्याआधी मार्चमध्ये सुमारे तीनशे तरुणांनी एकत्र बसून आपले निवेदन लिहिले; सिनोडच्या सभागृहात काही तरुण बोललेही. मतदानाचा हक्क मात्र त्यांना नव्हता. २०१९ च्या ‘ख्रिस्तुस विवित’ या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी तरुण हे चर्चचे वर्तमान आहेत, असे ठामपणे मांडले. त्यानंतर २०२३ च्या सिनोडमध्ये स्त्रियांसह प्रापंचिकांना मत मिळाले आणि त्यांत तरुणही होते. हा बदल लाखोंच्या गर्दीइतकाच महत्त्वाचा मानायला हवा.

याच काळात तरुणांना आपल्या पिढीतला एक संतही मिळाला. १९९१ मध्ये जन्मलेला, पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला इटालियन मुलगा कार्लो अकुतिस याने पवित्र साक्रामेंताच्या चमत्कारांची माहिती संकेतस्थळावर मांडली होती. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केले.

पुढचा मेळावा ३ ते ८ ऑगस्ट २०२७ या काळात सोल येथे आहे. मनिलानंतर आशियात दुसऱ्यांदा. कोरियातले चर्च प्रापंचिकांनी उभे केले: धर्मपुस्तके वाचून ओढल्या गेलेल्या विद्वानांपैकी यी सुंग-हुन १७८४ मध्ये बीजिंगला बाप्तिस्मा घेऊन परतला आणि त्याने सोबत्यांना बाप्तिस्मा दिला. तेव्हा तो तिशीच्या आत होता.