ब्रागांझा : एका राजकुळाचे नाव

पणजीच्या आझाद मैदानालगत एक जुनी संस्था आहे. तिच्या प्रवेशद्वाराशी निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरश्यांवर कामोंइश या पोर्तुगीज महाकवीच्या काव्यातील प्रसंग चितारलेले आहेत. ही संस्था 1871 साली स्थापन झाली, तेव्हा तिला वास्को द गामाचे नाव होते. 1963 साली ते बदलून ‘इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा’ असे झाले. दर्यावर्दी विजेत्याचे नाव पुसून देशभक्ताचे नाव दिले, हे योग्यच झाले. परंतु नव्या नावातील दुसरा शब्द कोठून आला, हे पाहू गेल्यास आपण पुन्हा पोर्तुगालच्या राजवाड्यातच जाऊन पोहोचतो. श्रोतेहो, त्या शब्दाची हकीकत आज सांगावयाची आहे.

ब्रागांसा हे पोर्तुगालच्या ईशान्य कोपऱ्यातील, डोंगरांपलीकडच्या प्रांतातील एक तटबंदीचे गाव. आपल्याकडे त्याचा उच्चार ब्रागांझा असा रूढ झाला. पहिला जुआंव राजा याला आफोंस नावाचा एक अनौरस पुत्र होता. 1385 च्या आल्जुबारोटाच्या रणात कॅस्टाइलच्या सैन्याचा धुव्वा उडवून पोर्तुगालचे स्वातंत्र्य राखणारा सेनापती नुनु आल्वारिश परेरा, याच्या एकुलत्या एक कन्येशी या आफोंसचा विवाह झाला. सेनापतीची अफाट जहागीर अशा रीतीने राजाच्या अनौरस पुत्राच्या घरात आली आणि 1442 साली त्याला ब्रागांसाचा ड्यूक ही पदवी मिळाली. रक्त राजाचे, जमीन सेनापतीची. गादी तेवढी नव्हती.

एवढे सामर्थ्य ज्या सरदाराच्या हाती असते, त्याच्याकडे राजा नेहमीच साशंक नजरेने पाहतो. 1483 साली दुसऱ्या जुआंव राजाने तिसऱ्या ड्यूकवर राजद्रोहाचा आरोप ठेवून एव्होरा येथे भर चौकात त्याचा शिरच्छेद करविला. घराणे मात्र नष्ट झाले नाही. पुढच्या राजाने जहागीर परत दिली, आणि 1501 पासून व्हिला व्हिसोझा येथे त्यांचा संगमरवरी वाडा उभा राहू लागला. गंमत अशी की, ज्या गावाचे नाव हे लोक मिरवीत, त्या गावी ते फारसे राहिलेच नाहीत.

1580 साली पोर्तुगालची राजगादी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेली व साठ वर्षे तिकडेच राहिली. 1 डिसेंबर 1640 रोजी लिस्बनमधील काही सरदारांनी राजवाड्यात घुसून स्पेनधार्जिण्या मंत्र्याला ठार करून खिडकीतून खाली फेकले आणि आठव्या ड्यूकला चौथा जुआंव म्हणून राजा घोषित केले. नवा राजा त्या वेळी व्हिला व्हिसोझालाच होता. मुकुट त्याच्याकडे चालत आला असेच म्हटले पाहिजे. तोही त्याने फार काळ ठेवला नाही. 1646 साली त्याने तो व्हिला व्हिसोझाच्या देवीमातेला अर्पण केला आणि तेव्हापासून पोर्तुगालच्या कोणत्याही राजाने डोक्यावर मुकुट धारण केला नाही.

येथपर्यंतची कथा दूरदेशीची. पण नव्या राजघराण्यापुढे स्पेनशी युद्ध होते, समुद्रावर डच वैरी होते आणि इंग्लंडचा आधार मिळविल्यावाचून निभाव लागणार नव्हता. त्या आधाराची किंमत आपल्या किनाऱ्यावर चुकती झाली. चौथ्या जुआंवची कन्या कातारीना हिचा विवाह इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरला. जून 1661 च्या तहानुसार तिच्याबरोबर वीस लक्ष क्रुझादो रोख, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील टॅंजियर, आणि मुंबईचे बंदर व बेट देण्याचे ठरले. लिस्बन आणि लंडन येथील मुत्सद्द्यांनी हे देणेघेणे केले. मुंबईच्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना वा तेथील जुन्या पोर्तुगीज जमीनदारांना कोणी विचारले नाही, हे सांगावयास नकोच.

पण कागदावर दिलेले बेट हाती पडेना. 1662 च्या सप्टेंबरात इंग्रजांचे आरमार मुंबईसमोर आले, तेव्हा त्याच आरमारातून आलेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियु द मेलु द काश्त्रु यानेच ताबा देण्याचे नाकारले. साष्टी व माहीम तहात येतात की नाही, येथून वादाला तोंड फुटले. सर अब्राहम शिपमन आणि त्याचे सुमारे चारशे शिपाई यांना राहावयास जागाच उरली नाही. ते शेवटी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन पडले. तेथील पावसाने, तापाने आणि उपासमारीने त्यांची धूळधाण केली. 1664 च्या एप्रिलात स्वतः शिपमन तेथेच मेला. 18 फेब्रुवारी 1665 रोजी हंफ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा त्या सैन्यापैकी जेमतेम शंभरएक लोक हयात होते. एका राजकन्येच्या आंदणापायी तीनशे माणसे त्या ओसाड खडकावर संपली. कारवारकडे जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

मुंबईत इंग्रज बसले की हिंदुस्थान आपल्या हातून गेला समजा, असे त्या व्हाइसरॉयने आपल्या राजाला कळविले होते. हा मनुष्य हट्टी होता, पण त्याची दृष्टी अधू नव्हती. दुसऱ्या चार्ल्सला मात्र हे आंदण खर्चाचे वाटले आणि 1668 साली त्याने वार्षिक दहा पौंड भाड्याने मुंबई कंपनीच्या हवाली केली. पुढे पाचव्या जुआंवच्या कारकिर्दीत, ब्राझीलच्या सोन्यावर लिस्बनचा दरबार झळाळत असतानाच, मराठ्यांनी 1737 साली साष्टी घेतली आणि 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई सर केली. कातारीनाबरोबर मुंबई गेली नसती तर तीही त्याच झपाट्यात आली असती काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

खुद्द कातारीनाच्या वाट्याला फारसे सुख आले नाही. ती कॅथलिक असल्याने इंग्लंडमध्ये तिचा राज्याभिषेक झाला नाही. मूल झाले नाही. नवऱ्याच्या मर्जीतल्या बायका मात्र दरबारात उजळ माथ्याने वावरत. वैधव्यानंतर ती मायदेशी परतली, अल्पकाळ तिने भावाच्या वतीने राज्यकारभारही पाहिला आणि 1705 च्या अखेरच्या दिवशी ती वारली.

घराण्याची पुढची कथा थोडक्यात सांगतो. नेपोलियनच्या सैन्याला भिऊन 1807 च्या नोव्हेंबरात सारा दरबार जहाजांत बसून ब्राझीलला गेला. 1822 साली याच घराण्याच्या पेद्रुने ब्राझील स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. तेथील सम्राटपद 1889 साली संपले. इकडे लिस्बनमध्ये 1 फेब्रुवारी 1908 रोजी राजा कार्लुश आणि युवराज यांचा भर रस्त्यात गोळ्या झाडून खून झाला. 5 ऑक्टोबर 1910 रोजी प्रजासत्ताक आले. शेवटचा राजा दुसरा मानुएल 1932 साली इंग्लंडात निपुत्रिक वारला.

राजे संपले, पण गोव्यात ते नाव शिल्लक होते. धर्मांतराच्या वेळी पाद्र्याचे अथवा धर्मपित्याचे आडनाव घेण्याची रीत येथे होती. त्यामुळे नोरोन्हा, मिनेझिस, ब्रागांझा अशी थोर पोर्तुगीज कुळांची नावे राजवंशाशी रक्ताचा काडीमात्र संबंध नसलेल्या गोमंतकीय घरांतून नांदू लागली. कदंबांचे चंद्रपूर, म्हणजेच आजचे चांदोर, येथील ब्रागांझांचा लांबच लांब वाडा प्रसिद्धच आहे. याच चांदोरात 1878 साली लुईश द मिनेझिस ब्रागांझा जन्मले. 1900 साली निघालेल्या ‘ओ हेराल्दु’ या गोव्यातील पहिल्या पोर्तुगीज दैनिकाच्या संस्थापकांपैकी ते एक. पुढे 1911 साली ‘ओ देबात’ आणि 1928 साली ‘प्रकाश’ ही पत्रे त्यांनी चालविली. ते कट्टर प्रजासत्ताकवादी होते. ब्रागांझा राजे गादीवरून गेले, तेव्हा चांदोरच्या या ब्रागांझाला आनंदच झाला! त्या क्रांतीने गोव्यातील हिंदूंना कायद्यापुढे समान स्थान मिळाले आणि मराठी शाळा व वृत्तपत्रे यांना मोकळा श्वास घेता आला, हे गोमंतकीय वाचकांच्या आजोबा-पणजोबांनी अनुभवलेले आहे. पुढे लिस्बनमध्ये सालाझारचा अंमल सुरू झाला आणि वसाहतींचा कायदा आला, तेव्हा 1930 साली याच मिनेझिस ब्रागांझांनी गोव्याच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. 1938 साली ते निवर्तले.

त्याच चांदोरचे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी 1928 साली गोवा काँग्रेस समिती स्थापिली. 1946 च्या चळवळीत त्यांना पकडून पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात डांबण्यात आले. तेथून सुटून ते अखेर मुंबईस पोहोचले आणि 26 सप्टेंबर 1958 रोजी, गोवा मुक्त होण्यापूर्वी तीन वर्षे, तेथेच वारले: कातारीनाने आंदण नेलेल्या त्याच बेटावर. त्यांचे अवशेष नंतर पणजीला आणण्यात आले. आझाद मैदानावर, जेथे पूर्वी आफोंस द आल्बुकर्कचा पुतळा उभा असे, तेथे आता त्यांचे स्मारक आहे. आणि समोरच्या इमारतीवर दुसऱ्या ब्रागांझाचे नाव आहे.